तोंडातले लोखंड आणि हातातली दोरी

पुरस्कर्ता : लग्नसराईत नाशिकच्या कोणत्याही मंगल कार्यालयासमोर उभ्या असलेल्या वरातीच्या घोडीची झूल, कपाळावरचा तुरा आणि गळ्यातली घुंगुरमाळ आपण कौतुकाने पाहतो, परंतु या सर्व शृंगाराची किंमत तिने कोठे चुकविली आहे हे ज्या ठिकाणी कळावे, त्या तिच्या तोंडाकडे मात्र कोणी पाहत नाही. घोड्याच्या पुढच्या दातांमागे आणि दाढांच्या अलीकडे, खालच्या जबड्यावर, निसर्गाने थोडी बिनदातांची जागा मोकळी सोडली आहे; तेथे मनुष्याने लोखंडी कडियाळे बसविले, आणि सहस्रावधी वर्षे ते तेथे राहिल्यामुळे ती जागा कडियाळ्यासाठीच निर्माण झाली असावी असा आपला समज होऊन बसला. वस्तुतः त्या जागी जबड्याच्या हाडाची अरुंद कड आहे, तिच्यावर पातळ, संवेदनशील आवरण आहे, दोन्ही बाजूंच्या कडांच्या मध्ये जीभ आहे, आणि नर घोड्यांना बहुधा तेथेच सुळे फुटतात. घोड्याला आपला हेतू कळविण्याचा मार्ग त्याच्या तोंडातूनच गेला पाहिजे असा कोणताही सनातन दंडक नाही. नाकाच्या हाडावर, गालांवर आणि हनुवटीखाली रुंद पट्ट्यांनी दाब देऊन तेच काम करणारे लगाम आज जगात प्रचारात आहेत. इंग्रजी जाणणारे स्वार त्यांना बिटलेस ब्रायडल म्हणतात. नाशिकच्या अश्वमालकांनी त्यांचा गंभीरपणे विचार करावा, एवढीच माझी मागणी आहे.

शंकाकार : तुमची फिर्याद रास्त आहे, परंतु तिच्यात दोन आरोपी एकाच नावाखाली उभे केले गेले आहेत. वरातीच्या घोडीच्या तोंडात पुष्कळदा सापडते ते काटेरी कडियाळे होय. त्याला अणकुचीदार टोके असतात, दोरी ओढली की ती जिभेत आणि ओठांच्या कोपऱ्यांत रुततात, आणि त्या वेदनेने घोडी मान वर फेकून पुढचे पाय आपटू लागली म्हणजे वऱ्हाडी मंडळी तिच्या नाचावर नोटा ओवाळतात. या वस्तूची वकिली कोणत्याही सुज्ञ माणसाने करू नये, मी तर नाहीच करणार. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाखाली ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली जे नियम जारी झाले, त्यांनीच खिळे, गाठी किंवा टोके असलेल्या कडियाळ्यांना मनाई केली आहे. म्हणजे कायद्यापुरता तो निकाल साठ वर्षांपूर्वी लागला असून उरला आहे तो केवळ अंमलबजावणीचा प्रश्न. परंतु गुळगुळीत, गोल, तोंडाच्या मापाचे साधे कडियाळे ही सर्वस्वी निराळी वस्तू आहे. घोडा शिकलेला असावा, स्वाराची मांड पक्की असावी आणि त्याचा हात मांडीच्या डळमळण्यापासून स्वतंत्र असावा, म्हणजे त्या कडियाळ्यातून करंगळीच्या हालचालीएवढा सूक्ष्म संदेशही पोहोचतो, आणि तो सूक्ष्मपणा नाकावरच्या रुंद पट्ट्याला साधत नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर जो ग्रंथ लिहिला, त्यात घोड्याकडून बळजबरीने करविलेल्या कृतीत सौंदर्य नसते असा सिद्धान्त मांडला आहे. आणि तो मांडणारा स्वार कडियाळे वापरणाराच होता.

पुरस्कर्ता : झेनोफनचा दाखला तुम्ही दिलात हे बरे झाले, कारण स्वाराने निदान दोन कडियाळी बाळगावीत, एक गुळगुळीत आणि एक काटेरी, असा सल्लाही त्याच ग्रंथात आहे; काटेरीचा अनुभव घेतलेल्या घोड्याला गुळगुळीत अधिक सुखाचे वाटते, असा त्यामागचा हिशोब. जुन्या अश्वाचार्यांतल्या सर्वांत सौम्य पुरुषाची सौम्यतादेखील अशी काट्याच्या स्मृतीवर उभी होती, हे माझ्या मनाला फार लागते. आता तुमच्या पक्क्या मांडीच्या स्वाराविषयी. साधन निवडताना ते कोणाच्या हाती पडावे याची कल्पना न करता बहुधा कोणाच्या हाती पडते ते पाहावे. आमच्या वरातीच्या घोडीवर बसणारा नवरदेव आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचाच घोड्यावर बसलेला असतो. त्याच्या पुढ्यात एखादे भाचरू बसविलेले असते. दोरी मोतद्दाराच्या मुठीत, आणि मोतद्दाराचे लक्ष बँडवाल्यांकडे. सुटीच्या दिवशी त्याच घोडीवर मुलांना फेऱ्या मारविल्या जातात. अशा ठिकाणी सूक्ष्म संदेश कोण कोणाला देणार? अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाचे निवृत्त पशुशल्यचिकित्सक रॉबर्ट कुक यांनी १९९० नंतरच्या काळात कडियाळ्याच्या दुष्परिणामांची कसोशीने मांडणी केली. घोडा केवळ नाकाने श्वास घेतो. तोंडात परकी वस्तू आली की लाळ सुटते, जीभ हालते आणि चघळण्याची क्रिया सुरू होते. धावण्याच्या क्षणीच त्याच्या शरीराला खाण्याची सूचना मिळते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. २००९ साली त्यांनी एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पूर्वी कधीही कुक यांच्या बिनकडियाळ्याच्या लगामात न चाललेले घोडे त्या लगामात पहिल्याच वेळी अधिक चांगले चालले.

शंकाकार : त्या प्रयोगातले घोडे चार होते. प्रयोगकर्त्यांनी स्वतःच त्याला प्राथमिक म्हटले आहे, आणि त्यांपैकी एकाने तर तो विशिष्ट लगाम स्वतः प्रचारात आणलेला आहे. यात मला कोणाच्या प्रामाणिकपणावर शिंतोडे उडवायचे नाहीत. परंतु चार घोड्यांवरून सगळ्या अश्वजातीचा फैसला करता येत नाही. माझी खरी हरकत याहून खोल आहे. तोंड संवेदनशील आहे म्हणून तुम्ही ते सोडून नाकाकडे वळता, जणू नाक लाकडाचे आहे. डोळ्याखालच्या हाडातील छिद्रातून जी नस बाहेर पडून नाकावर आणि वरच्या ओठावर पसरते, ती जबड्यातल्या नसेचीच सख्खी बहीण होय. नाकाचे हाड खाली उतरता उतरता इतके पातळ होते की शेवटी कूर्चेखेरीज काही उरत नाही. आणि तुमच्या या बिनकडियाळ्याच्या कुळातच एक यांत्रिक प्रकार आहे, ज्याला दोन्ही बाजूंनी लांब लोखंडी दांडे आणि हनुवटीखाली साखळी असते. दोरी थोडी ओढली की तरफेच्या नियमाने तो दाब कितीतरी पट वाढून नाक आणि हनुवटी चिमट्यात सापडते. तोंडात काही नाही म्हणून हा लगाम दयाळू समजायचा काय? कुक यांच्या पद्धतीच्या लगामात हनुवटीखालून एकमेकांना छेदून जाणारे पट्टे मस्तकाभोवती आवळतात. त्यांविषयी अनुभवी स्वारांची तक्रार अशी की हात ढिला केला तरी घर्षणामुळे पट्टे लगेच सैल पडत नाहीत, आणि आपण आज्ञा पाळली हे घोड्याला वेळेवर कळत नाही. वेदनेचे ठिकाण बदलले म्हणजे वेदना संपली, असे मानणे ही स्वतःची समजूत घालणे होय.

पुरस्कर्ता : ही हरकत मी पूर्णपणे मान्य करतो. तरफेचे दांडे असलेला प्रकार नवशिक्याच्या हाती देणे हा गुन्हाच मानावा असे माझे मत आहे. नाशिकच्या वरातीत तो आला तर काटेरी कडियाळ्याची जागा दुसऱ्या एका अत्याचाराने घेतली, एवढेच होईल. म्हणून बिनकडियाळ्याचा लगाम हवा, असे म्हणून थांबणे पुरेसे नाही. कोणता, कसा आणि कोणत्या घोड्यासाठी, हे सांगणे माझ्यावर बंधनकारक आहे. सर्वांत साधा प्रकार म्हणजे नाकपट्टीच्या दोन बाजूंना दोन कड्या आणि त्यांत दोन दोऱ्या; उजवी ओढली की नाक उजवीकडे वळते, सोडली की त्याच क्षणी दाब जातो. तरण्या घोड्यासाठी, नवख्या स्वारासाठी आणि मोतद्दाराच्या चालविण्यासाठी मी हाच पसंत करीन, कारण त्यात लपविण्यासारखे काही नाही. छेदपट्ट्यांचा प्रकार तोंड पूर्वी जखमी झालेल्या घोड्याला मानवतो, कारण दाब एका ठिकाणी न साठता सर्व मस्तकावर पसरतो. परंतु तुम्ही म्हणता तो सुटण्याचा विलंब त्यात आहे, म्हणून पट्टे गुळगुळीत कातड्याचे आणि नीट तेल दिलेले हवेत.

बसविण्याविषयी जितके बोलावे तितके थोडे. गालाच्या हाडाची कड डोळ्याखालून पुढे येऊन जेथे संपते, तिच्याखाली साधारण दोन बोटांवर नाकपट्टी यावी. ती याहून खाली उतरली तर कूर्चेवर येऊन श्वास कोंडते, आणि वर चढली तर हाडाच्या कडेवर घासते. नाकाच्या हाडावर, मधोमध, पट्टीखाली दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. पाहणारे पुष्कळदा बाजूला, जेथे पोकळी असतेच, तेथे बोटे घालून समाधान मानतात. गालपट्टा डोळ्याच्या कोपऱ्याला लागता कामा नये. नाशिकच्या पावसाळ्यात कातडे भिजून, वाळून दगडासारखे कडक होते आणि घामाचे क्षार त्यात बसतात. प्रत्येक वापरानंतर ओल्या फडक्याने पुसून तेलपाणी केले नाही, तर उत्तम लगामदेखील आठवड्याभरात नाकाची साल काढतो. नायलॉनची पट्टी स्वस्त आहे, परंतु तिच्या आत मऊ अस्तर नसेल तर तिने भाजल्यासारखी जखम होते. आणि शेवटी, नवा लगाम घालून एकदम हमरस्त्यावर न जाता, बंदिस्त आवारात, आधी जमिनीवरून, मग पाठीवरून, केवळ कदमचालीत घोड्याला थांबणे, वळणे आणि मागे सरणे पक्के करवून घ्यावे. या पायऱ्या गाळणारा मनुष्य माझा मतानुयायी नव्हे.

शंकाकार : बंदिस्त आवारात तुमचा विजय मी आधीच मान्य करतो. माझी चिंता आवाराबाहेरची आहे. नाशिक रोडपासून शहरातल्या मेन रोडपर्यंत एकेकाळी घोड्यांची ट्राम चालत असे; १८८९ साली बांधलेल्या त्या अरुंद रुळांवर चार घोडे प्रवाशांचे डबे ओढीत, आणि तिच्यानंतरही कितीतरी वर्षे टांगेवाल्यांनी स्टेशन आणि पंचवटी यांच्यामधली वाहतूक सांभाळली. पाठीवरच्या स्वाराजवळ हात, पाय आणि शरीराचा भार अशी तीन साधने असतात. टांगेवाल्याजवळ दोरी, आवाज आणि चाबूक याखेरीज काही नसते, आणि मागून गाडीचे ओझे घोड्याला पुढे ढकलीत असते. त्याच्या हातातली दोरी जर नाकपट्टीलाच जोडलेली असेल आणि उतारावर घोडा बुजला, तर त्याने काय करावे? आणखी पुढे पाहा. २०२७ चा सिंहस्थ येऊ घातला आहे. आखाड्यांच्या मिरवणुकांत घोडे असतात. शंख, नगारे, ध्वनिक्षेपक, फटाके, गुलालाची धूळ, आणि घाटाकडे जाणाऱ्या अरुंद गल्ल्यांत खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसे, त्यांत कडेवरची मुले. त्या गर्दीत एक घोडा उधळला तर जो चिरडला जाईल त्याने घोड्याच्या तोंडाविषयीचा आपला वाद ऐकलेलाही नसेल. दया ही एकट्या घोड्यावर करता येत नाही.

पुरस्कर्ता : त्या मुलाची चिंता मलाही आहे, आणि म्हणूनच विचारतो: उधळलेला घोडा कडियाळ्याने थांबतो, हे कोणी सिद्ध केले? साडेतीन-चारशे किलो वजनाचे जनावर भयाने चौखूर सुटले म्हणजे माणसाच्या दोन हातांचे बळ त्याच्यापुढे कःपदार्थ आहे. थांबविते ती वेदना, असे म्हणावे तर वेदना लागली असता पळून जाणे हा या प्राण्याचा उपजत धर्म आहे. पाठीमागून येणाऱ्या संकटापासून पळणारा घोडा तोंडातले संकट बरोबरच घेऊन पळतो. कित्येकदा तो कडियाळे दातांत पकडतो किंवा मान छातीशी दाबून त्याचा जोर निष्फळ करतो, हे प्रत्येक चाबुकस्वाराला ठाऊक आहे. इतिहासाकडे पाहा. हॅनिबलच्या सैन्यातले न्युमिडियन स्वार लगामावाचूनच लढत, याचे रोमन लेखकांना मोठे नवल वाटत असे. मानेभोवती एक दोरी आणि हातात काठी, एवढ्यावर त्यांनी रोमच्या सैन्यांना सळो की पळो केले. इतके दूर जायचे नसेल तर आपल्या घाटवाटांवर पाहा. मेंढरांच्या कळपामागून संसार वाहून नेणारी धनगरांची तट्टे दोरीच्या म्होरकीवर कोसच्या कोस चालतात. हीच ती भीमथडीची जात, जिला यमुनेचे पाणी पाजल्याचा आपण अभिमान बाळगतो आणि जिला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेने अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. आणि पंढरीच्या वाटेवरचे रिंगण? लक्षावधी वारकऱ्यांच्या गजरात, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणारा माउलींचा अश्व धावतो, तेव्हा त्याच्या पाठीवर कोणी स्वार नसतो आणि लगामाला कोणाचा हात लागलेला नसतो.

शंकाकार : रिंगणाचे स्मरण झाले की माझेही हात जुळतात, परंतु भक्तीचा विषय बाजूला ठेवून पाहू. तेथे जरीपटका घेतलेल्या स्वाराचा दुसरा अश्व धावतो, आणि आपल्या जातीच्या सोबत्यामागे धावणे हा घोड्याचा स्वभावच आहे. शिवाय वारकरी त्याच्यासाठी वर्तुळ आखून वाट मोकळी ठेवतात. पंचवटीच्या गल्लीत ते वर्तुळ कोण आखणार? धनगराचे तट्टू त्याच माणसांच्या वाड्यात जन्मलेले, शिंगरू असल्यापासून त्याच कळपाबरोबर चाललेले. न्युमिडियन स्वाराचेही तेच. तुमचा प्रत्येक दाखला शेवटी एकच गोष्ट सांगतो की जेथे संगोपन आणि शिक्षण दीर्घ आहे तेथे कडियाळ्याची गरज कमी होते. मग आणखी एक दाखला मी देतो, जो तुमच्या बाजूचा समजला जातो. स्पॅनिश अमेरिकेतल्या गुराख्यांनी कच्च्या चामड्याच्या विणलेल्या नाककड्यावर घोडे शिकविण्याची कला परिपूर्ण केली. परंतु ते तेथे थांबले नाहीत. नाककड्यावर घोडा पक्का झाल्यावर ते काही काळ नाककडे आणि कडियाळे दोन्ही वापरीत, आणि अखेरीस केवळ कडियाळ्यावर, तेही मोठ्या कठोर घडणीच्या, पण दोरी जवळजवळ ओढावी न लागता, त्याला चालवीत. कडियाळे हा तेथे शिक्षणाचा शेवट होता. मग ते जात्याच दुष्ट कसे?

(या ठिकाणी लेखकाने एक शब्द मध्ये घालण्याची मुभा घ्यावी. कडियाळे असावे की नसावे, या प्रश्नाने सुरू झालेला वाद आता ते केव्हा असावे, या प्रश्नावर येऊन ठेपला आहे, आणि माझ्या मते हा प्रश्न पहिल्याहून अधिक खरा आहे. कारण आपल्याकडे शिंगराच्या तोंडात लोखंड जाते ते शिक्षणाच्या पहिल्याच दिवशी, आणि पुढचे शिक्षण बहुतेक वेळा होतच नाही.)

पुरस्कर्ता : त्या गुराख्यांचे उदाहरण मी तुमच्या हातून आनंदाने परत घेतो. ज्या घोड्याला कडियाळ्याविना सर्व काही येते, त्याच्याच तोंडात कडियाळे घालण्याचा अधिकार स्वाराला पोहोचतो, असा त्याचा अर्थ मी करतो. आपल्याकडे हा क्रम उलटा का झाला? कारण शिक्षणाला महिने लागतात, महिन्यांना दाणा-वैरण लागते, आणि त्या दाण्याचे पैसे ग्राहक देत नाही. येवल्याच्या मंगळवारच्या घोडेबाजारात किंवा दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याची किंमत रंगावर, उंचीवर, कानांच्या वळणावर आणि नाचावर ठरते. गर्दीत शांत उभा राहतो, या गुणासाठी कोणी जास्तीची बोली लावल्याचे मी ऐकले नाही. मालक गरीब आहे, लोखंड स्वस्त आहे, आणि कायद्याचा धाक असा की १९६० च्या अधिनियमाच्या अकराव्या कलमाप्रमाणे जनावराला क्रूरतेने वागविण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज घोड्याचा एक वेळचा दाणाही येत नाही. सुधारणा मालकांनी स्वतः केली नाही, तर ती न्यायालये करतील, आणि ती कठोर असेल. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या, तेव्हा चांगला मालक आणि वाईट मालक असा भेद उरला नाही.

शंकाकार : क्रमाविषयी तुमचे म्हणणे मला आता पटू लागले आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष तुमच्या मूळ मागणीपेक्षा अधिक महाग आहे, हे ध्यानात घ्या. लगाम बदलणे हे एका दिवसाचे काम आहे. घोडा आणि मोतद्दार घडविणे हे वर्षाचे. आज नाशिकच्या सर्व घोड्यांच्या तोंडातले लोखंड एका फर्मानाने काढले, तर उद्या तेच अशिक्षित हात नाकपट्टी आवळतील, आणि जखम ओठांवरून नाकावर जाईल. उलट, तुम्ही म्हणता तसे शिक्षण खरोखर झाले, तर साध्या गुळगुळीत कडियाळ्याने कोणती हानी होते, हे तुम्ही अजून दाखविलेले नाही. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांत उड्यांच्या स्पर्धेला कडियाळ्याविना उतरण्याची मुभा आहे, पण ड्रेसाज या शिक्षित चालींच्या स्पर्धेत ती नाही. म्हणजे ज्यांनी आयुष्य यात घालविले त्यांचेही यावर एकमत झालेले नाही. दोरी सोडल्याबरोबर दाब सुटतो काय, ही एकच परीक्षा मी दोन्ही साधनांना लावीन, आणि जे नापास होईल ते नाकारीन. सिंहस्थाच्या गर्दीत मात्र, कडियाळ्याचा असो वा बिनकडियाळ्याचा, आवाजाला न सरावलेला घोडा आणूच नये असा हुकूम निघाला तर त्याला माझा पाठिंबा राहील. त्यापलीकडे कोणता लगाम, याचे उत्तर मी अजून राखून ठेवतो.

पुरस्कर्ता : आणि मी माझे सोडत नाही. ज्या जनावराला आपली तक्रार सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत संशयाचा फायदा त्यालाच मिळावा. गुळगुळीत कडियाळ्याने हानी होत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी, तुम्ही समजता तशी, माझ्यावर नसून ते घालणाऱ्यावर आहे.

वाचकांपैकी कोणाच्या घरी येत्या हंगामात लग्न असेल, त्यांना विनंती आहे की बयाणा देण्यापूर्वी मालकाला सांगून घोडीचे ओठ उघडून पाहावेत. कोपऱ्यांत व्रण, जिभेवर जखमा किंवा काटेरी कडियाळे आढळल्यास ती घोडी नाकारावी आणि नाकारण्याचे कारण मालकाला स्पष्ट शब्दांत सांगावे. काटे नसलेला लगाम घातलेली, वाजंत्र्यांच्या आवाजात शांत उभी राहणारी घोडी जो मालक आणील, त्याने चार पैसे जास्त मागितले तर ते घासाघीस न करता द्यावेत.